परत आलेला डबा

आम्ही उल्हासनगरच्या कॅम्प १ मधल्या बचत गटाच्या सात जणी. बोलतेय एकटीच, कारण समोर माईक एकच आहे. पण काय बोलायचं ते काल रात्री सगळ्यांनी मिळून ठरवलंय. मध्ये कुणी खोकलं किंवा कुणी मागून काही सुचवलं तर सांभाळून घ्या.

आमचा धंदा डब्यांचा. शहाड स्टेशनच्या बाजूला खोल्या भाड्यानं घेऊन राहणाऱ्या पोरांना आम्ही दोन वेळचा डबा देतो. चाळीस-पंचेचाळीस डबे असतात. सकाळच्या डब्यांच्याच पावणेदोनशे चपात्या होतात, म्हणून चारला उठावं लागतं. ही पोरं कुठली म्हणाल, तर तुमच्याकडचीच. जळगाव, धुळे, नाशिक, नगर, जालना, बीड. पाहुण्यांना तुम्ही ज्या मुलाबद्दल 'तो मुंबईला असतो' असं सांगता, तो पुष्कळदा मुंबईत नसतोच. तो आमच्याकडे जेवतो. कुणी जीन्स शिवायच्या कारखान्यात नगावर काम करतो, कुणी अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे आहे, कुणी पाठीवर पिशवी अडकवून पार्सल वाटतो, कुणी रात्रपाळीचा वॉचमन. एका खोलीत सहा-सात जण. दिवसपाळीवाले उठतात तेव्हा रात्रपाळीवाले त्याच गादीवर येऊन झोपतात.

आज या पोरांबद्दल बोलायचंय. मागच्या वेळी लोणच्याच्या पाककृती सांगू असं म्हटलं होतं. त्या पुढच्या वेळी सांगू.

आमच्याकडे एक वही आहे. कुणाचा डबा कधी सुरू झाला, किती पैसे आले, किती बाकी राहिले, सगळं त्यात लिहिलेलं असतं. दोन वर्षांपूर्वीच्या एका पानावर एका पोराच्या नावापुढे ६४० रुपये बाकी आहेत. वय असेल तेवीस-चोवीस. बोलायला गोड होता, डबा धुऊन परत करायचा. (बाकीचे कुणी धूत नाहीत, म्हणून लक्षात राहिला.) मग त्याचा डबा भरलेला परत यायला लागला. एक दिवस भाजी तशीच, दुसऱ्या दिवशी सगळंच तसंच. आम्हाला वाटलं, बाहेर काहीतरी खात असेल. मग त्यानं डबाच बंद केला. आम्ही वहीत 'बाकी' असं लिहिलं आणि आपसात म्हटलंही, की पैसे बुडवून गेला. एकीनं तर खोलीवर जाऊन त्याच्या मित्रांना सुनावलं. आठ दिवसांनी त्याच मित्रांनी येऊन सांगितलं की त्यानं जीव दिला. त्याचे वडील येऊन सामान घेऊन गेले होते. सामान म्हणजे एक बॅग.

कसं, कुठे, ते आम्ही सांगणार नाही. ते सांगून कुणाचंही भलं होत नाही. पण डबा परत आला होता, चार दिवस आला होता, आणि आम्ही त्यातलं अन्न फुकट गेल्याचा हिशेब करत बसलो होतो, हे मात्र सांगायला हवं. ती बाकी आम्ही वहीतून खोडलेली नाही.

त्यानंतर आम्ही जरा चौकशी करायला लागलो. आमच्यातल्या एकीची मुलगी कॉलेजात आहे, तिनं सरकारी आकडे काढून दिले. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचा २०२२ सालचा अहवाल सांगतो, की त्या वर्षी देशात १ लाख ७० हजार ९२४ लोकांनी आत्महत्या केली. त्यात १ लाख २२ हजारांहून जास्त पुरुष होते. म्हणजे दहातले सात. सगळ्यांत जास्त आपल्या महाराष्ट्रात, २२ हजार ७४६. चारांतला एक रोजंदारीवर काम करणारा. आणि तिघांतला एक अठरा ते तीस या वयातला. आम्हाला आधी वाटायचं की जीव देतात ते कर्जबाजारी शेतकरी आणि सासुरवाशिणी. बातम्या त्यांच्याच ऐकलेल्या. आपली जेवायला येणारी, हसणारी, मोबाइलवर रील बघणारी पोरं या आकड्यांत असतील, हे डोक्यातच आलं नव्हतं.

आता तुमच्यातल्या काही जणी मनात म्हणतील, की बाईचं दुःख कमी आहे का? मार आम्ही खायचा, दारूड्याला आम्ही सांभाळायचं, आणि आता पोरांच्या मनाचीही काळजी आम्हीच करायची! आमच्या गटातही यावरून कडाक्याचं भांडण झालं. एक ताई तर उठून गेली होती. तिच्या नवऱ्यानं तिला वीस वर्षं त्रास दिलाय, तिचं म्हणणं खोटं नाही. पुरुषाच्या मनाला त्रास आहे म्हणून त्यानं हात उचलला तर चालेल, असं आम्ही अजिबात म्हणत नाही. एखादा पोरगा एखाद्या मुलीला 'तू नाही म्हणालीस तर मी जीव देईन' असं धमकावत असेल, तर त्या मुलीवर कसलीही जबाबदारी येत नाही. त्या पोराला सांभाळायचं काम त्याच्या घरच्यांचं आणि डॉक्टरांचं, तिचं नव्हे. एवढं सांगून झालं की मग त्याच ताईचं पुढचं वाक्य ऐका. ती दुसऱ्या दिवशी परत आली आणि म्हणाली, "माझा नवरा पंचवीस वर्षांचा होता तेव्हा त्याला कुणी विचारलं असतं, तर पुढचं थोडं वेगळं झालं असतं का, कोण जाणे." मग ती पीठ मळायला बसली.

पोरं सांगत का नाहीत? कारण लहानपणापासून आपणच त्यांना सांगितलंय, की मुलीसारखं काय रडतोस. आम्हीसुद्धा आमच्या मुलांना सांगितलंय. मुलगी रडली तर जवळ घेतो, मुलगा रडला तर बाहेर खेळायला पाठवतो. मग तो पंचविशीत कुठे रडणार? तो रडत नाही. तो चिडतो, फोन आपटतो, पितो, पाठ दुखते, डोकं दुखतं म्हणतो. रात्र रात्र मोबाइल बघतो, सकाळी उठत नाही, आंघोळ करत नाही. आणि जेवण सोडतो. आपण त्याला आळशी म्हणतो, माजलाय म्हणतो.

आमच्या शेजारी एक सिंधी अम्मा राहते. उल्हासनगर तुम्हाला जीन्ससाठी आणि फर्निचरसाठी माहीत असेल. पण मुळात हा लष्कराचा कॅम्प होता. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या जवळजवळ लाखभर लोकांना इथल्या बराकींत ठेवलं आणि १९४९ मध्ये त्याला उल्हासनगर हे नाव दिलं. अम्मा तेव्हा लहान होती. ती सांगते, की इथे आल्यावर बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, आणि दोन महिन्यांत पापड लाटायला लागल्या. तिचे वडील मात्र बोललेच नाहीत. तिकडे त्यांची मोठी पेढी होती, इथे गोळ्या-बिस्किटं विकायची वेळ आली. ते रोज संध्याकाळी स्टेशनवर जाऊन बसायचे आणि अंधार पडला की परत यायचे. घरात कुणी कधी विचारलं नाही, की तिथे काय करता. अम्मा म्हणते, आम्हाला वाटायचं हवा खायला जातात.

आता दुसऱ्या पोराचं सांगते. हा गेल्या पावसाळ्यातला. गाव सांगत नाही, खानदेशातला समजा. जीन्सच्या कारखान्यात होता. त्याचा डबा दोन दिवस तसाच परत आला. या वेळी आमच्यातल्या दोघी लगेच त्याच्या खोलीवर गेल्या. बाकीचे कामावर होते, हा भिंतीकडे तोंड करून पडलेला. एकीनं विचारलं, "भाजी आवडली नाही का रे?" तो म्हणाला, "तसं नाही मावशी." मग बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. आमची ती ताई हुशार. तिनं उपदेश केला नाही, बसून राहिली. कोपऱ्यातले कपडे घड्या घालायला घेतले. अर्ध्या तासानं तो आपणहून बोलायला लागला.

घरी त्यानं पगार अठरा हजार सांगितला होता. हातात पडत होते अकरा. घरी पाठवायचे पैसे कमी पडले म्हणून मोबाइलवरच्या एका अ‍ॅपवरून झटपट कर्ज घेतलं. ते फेडायला दुसऱ्या अ‍ॅपवरून घेतलं. मग कुणीतरी सांगितलं म्हणून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळात ते वाढवायला गेला. असल्या खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा करून बंदी आणली, पण ज्याचे पैसे गेले त्याचं कर्ज थोडंच जातं? वसुलीवाले त्याच्या फोनमधल्या सगळ्या नंबरांना मेसेज पाठवायची धमकी देत होते. सगळ्या नंबरांना म्हणजे आईला, मामाला, आणि जिच्याशी लग्नाची बोलणी चालली होती तिच्या भावालाही. आणि घरून रोज संध्याकाळी फोन यायचा. जेवलास का, पैसे कधी पाठवतोस, पाहुणे कधी बोलवायचे?

ताईनं त्याला सरळ विचारलं, "जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतंय का?" त्यानं मान हलवली.

हे विचारायला आम्ही फार घाबरायचो. वाटायचं, आपण विचारलं तर नसलेला विचार त्याच्या डोक्यात घालू. तसं होत नाही. मनाचे डॉक्टर सांगतात की सरळ विचारलेलं बरं. ज्याच्या मनात असतं त्याला उलट सुटल्यासारखं वाटतं, की कुणाला तरी कळलं. त्या पोराच्या चेहऱ्यावर ते आम्ही बघितलं.

त्या रात्री त्याला एकटं ठेवलं नाही. ताईच्या घरी तिच्या मुलांबरोबर झोपवलं. तिथूनच १४४१६ या नंबरावर फोन लावला. हा नंबर लिहून घ्या, आम्ही हळू सांगतो. एक, चार, चार, एक, सहा. सरकारची टेलि-मानस नावाची सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. फोन फुकट, रात्री-बेरात्री कधीही लावा, मराठीत बोलता येतं. त्या बाई त्याच्याशी पाऊण तास बोलल्या. दुसऱ्या दिवशी त्याला सरकारी दवाखान्यात मनोविकारांच्या डॉक्टरांकडे नेलं. कर्जाच्या धमक्यांची तक्रार १९३० या सायबर हेल्पलाइनवर केली.

पोलिसांची भीती वाटते सगळ्यांना. कुणी जीव द्यायचा प्रयत्न केला तर केस होईल, म्हणून घरचे झाकून ठेवतात, दवाखान्यात पडला-झडला सांगतात. आता तसं नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं सांगितलंय, की असा माणूस भयंकर ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, उलट त्याच्यावर उपचार करायची जबाबदारी सरकारची.

सगळ्यांत अवघड काम होतं त्याच्या आईला फोन करायचं. आम्ही तीन दिवस टाळलं. शेवटी त्याच्यासमोरच केला, त्याला विचारून. आई आधी रागावली. तुम्ही कोण सांगणाऱ्या, म्हणाली. मग म्हणाली नजर लागलीय, आमच्याकडे एक बाबा आहे. आम्ही वाद घातला नाही. अंगारा लावायचा तर लावा, पण डॉक्टरांची गोळी चुकवू नका, एवढंच सांगितलं. या गोळ्यांचा गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून लोक बंद करतात, आणि बरं वाटलं की परत बंद करतात. दोन्ही वेळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायच्या नसतात.

आई चौथ्या दिवशी आली. कळण्याच्या भाकरी आणि ठेचा घेऊन आली होती, पिशवी भरून, सगळ्या खोलीला पुरेल एवढा. पोराजवळ बसून म्हणाली, "अकरा तर अकरा. मला कशाला अठरा सांगितलेस?" तो म्हणाला, "तू शेजारणीला सांगत होतीस ना." त्यावर ती काही बोलली नाही.

तो दोन महिने गावी राहून आला. एकदम खडखडीत बरा झाला, असं नाही. लग्नाची बोलणी मोडली. कर्ज थोडं थोडं फेडतोय. आता एका फर्निचरच्या दुकानात आहे, गोळ्या चालू आहेत, डबा रिकामा परत येतो. पण न धुता.

लग्नाचं निघालंच आहे तर थोडं बोलते. आमच्या पोरांच्या बोलण्यात हा विषय फार येतो. २१ डिसेंबर २०२२ ला सोलापुरात लग्नाळू पोरांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर मोर्चा काढला होता. आम्हाला लग्नाला मुलगी मिळवून द्या म्हणून. टीव्हीवर बघून सगळे हसले, आम्हीही हसलो. पण त्यातला कुणी हौसेनं घोड्यावर बसला असेल असं आज वाटत नाही. त्यांच्या मागण्यांत गर्भलिंग निदानाविरुद्धचा कायदा कडक राबवा, हेही होतं. आणि ते बरोबरच. २००१ च्या जनगणनेत आपल्या राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ९१३ मुली होत्या. तेव्हाची ती मुलं आज लग्नाला आलीत. २०११ ला तर ८९४ च मुली, म्हणजे पुढचे दिवस अजून अवघड. मुली कुठे गेल्या, हे आपल्याला ठाऊक आहे. आणि ज्या आहेत त्या शिकल्यात, त्यांना शेतावरचा नवरा नको, त्यांच्या आयांनाही नको. आपल्याला तरी आपल्या मुलीसाठी कुठे हवा असतो? म्हणून मग शेती करणारा पोरगा 'मुंबईला नोकरीला' लागतो. इथे अकरा हजारांवर, एका गादीवर दोघे, असा राहतो. तिकडे त्याच्या नावानं स्थळं बघितली जातात.

भरतीचंही तेच. २०२४ ला राज्यात पोलिसांच्या सतरा हजारांच्या आसपास जागा निघाल्या आणि अर्ज आले सतरा लाखांहून जास्त. म्हणजे शंभरांतला एक घेणार. उरलेले नव्व्याण्णव काही नालायक नसतात, पण घरी मात्र नालायक ठरतात. आमच्याकडची तीन पोरं पहाटे मैदानावर धावून मग कामाला जायची. त्यातला एकही लागला नाही. एकानं पाच महिने गावी फोन केला नाही.

तर फोनचं सांगायचंय तुम्हाला. तुम्ही रोज फोन करता ते आम्ही ऐकतो, पोरं डबा घ्यायला आलेली असतात तेव्हा स्पीकरवर चालू असतो. पहिला प्रश्न जेवलास का, आणि उत्तर यायच्या आतच पैशांचं. 'जेवलास का' ला पोरगा 'हो'च म्हणतो, डबा भरलेला असला तरी. त्याऐवजी काय खाल्लंस ते विचारा. झोप लागते का, खोलीत कोण कोण आहे, कुणाशी पटत नाही, ते विचारा. आणि आठवड्यातला एक फोन तरी असा करा, की ज्यात पैसे आणि लग्न हे दोन शब्द येणार नाहीत. आम्ही स्वतः करून बघितलं, आमच्यातल्या दोघींची मुलं पुण्याला आहेत. पहिल्या वेळी बोलायला काहीच सुचेना. मग म्हशीचं बोललो. आणि त्याच्या पगाराचा आकडा शेजारणीला सांगू नका. खरा असो नाहीतर खोटा.

नाशिक जिल्ह्यात पेठ तालुक्यात २०१३ ते २०१५ या काळात ४१ गावांत 'आत्मीयता' नावाचा प्रकल्प झाला होता. पुण्याच्या एका संस्थेनं गावातल्याच साध्या माणसांना, त्यात बचत गटांतल्या बायकाही होत्या, दुसऱ्याचं ऐकून कसं घ्यायचं ते शिकवलं. मोबाइलवर छोट्या फिल्म दाखवायच्या, चार-सहा वेळा भेटायचं, जास्त त्रास असेल त्याला डॉक्टरांपर्यंत पोचवायचं. तिथल्या बायकांना जमलं, मग आपल्या गटांनाही जमेल. हप्ते भरायला महिन्यातून एकदा जमतोच ना आपण? त्यातली पंधरा मिनिटं द्या. तुमच्या आशाताईला बोलवा, जिल्हा रुग्णालयात मनाचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात ते विचारून घ्या आणि गटाच्या वहीत लिहून ठेवा. दारूचा प्रश्न असेल तर पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून ते काम करतंय.

आमच्या वहीत आता एक रकाना वाढलाय. बाकी किती, त्याच्या शेजारी 'परत'. दोन वेळा परत अशी खूण झाली की कुणीतरी एक जण खोलीवर जाते. कधी कधी पोरगा खरोखरच लग्नाला जेवून आलेला असतो आणि आपल्यालाच वेड्यात काढतो. आषाढीला तर निम्मे डबे परत आले, आम्ही घाबरलो. सगळे शहाडच्या बिर्ला मंदिरात विठ्ठलाच्या रांगेत उभे होते आणि उपास होता. आमच्याच लक्षात राहिलं नाही.

साडेचार वाजले. समोरच्या ताई खूण करतायत, आणि आम्हालाही निघायला हवं, संध्याकाळचं पीठ मळायचंय. तो नंबर परत एकदा सांगते. एक, चार, चार, एक, सहा. लोणच्याचं पुढच्या वेळी नक्की. नमस्कार.